कपाटातला साक्षीदार

"मी लावलेलं कुलूप उघडणारा अजून जन्माला यायचाय!" चर्चच्या मागच्या खोलीतलं उंच कपाट बंद करत कुलूपवाल्याने पाळकसाहेबांना ठणकावून सांगितलं.

दोन दिवसांनी पाहतो तर कपाटातली प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाची बाटली, त्यानेच लेबलावर मारलेल्या खुणेच्या बोटभर खाली उतरलेली.

कुलूप मात्र शाबूत. म्हणजे चोर हुशार. आणि हुशार चोर नेमका त्याच्याच घरी मुक्कामाला होता. सख्खा मेहुणा! कुलपं फोडण्यापायी तुरुंगाची हवा खाऊन नुकताच सुटलेला. रविवारी त्याचा बाप्तिस्मा होता. बाप्तिस्मा घेणाऱ्याशेजारी उभं राहून कुणीतरी 'मी याचा साक्षीदार' असं म्हणायची तिथली रीत. बायकोने नवऱ्याचं नाव परस्पर देऊन टाकलं होतं.

"अहो, एकुलता एक भाऊ आहे माझा. तुम्ही उभे नाही राहिलात तर तो निघून जाईल. कायमचा."

"जाताना आपल्या दाराचं कुलूप ठेवून जाईल का, तेवढं विचार त्याला."

कुलूपवाला अश्रद्ध होता असं कुणी समजू नये. दर रविवारी सगळे मिळून म्हणायचे, देवाचा पुत्र माणूस झाला, आपल्या पापांसाठी क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. त्यात सगळ्यांत खणखणीत आवाज याचाच. तोही दाराशी उभा राहून, कारण बाहेर लोकांच्या छत्र्या असत. फक्त काही बारीकसारीक शंका होत्या. कबरीवरचा दगड सरकला तेव्हा पहारेकरी काय झोपले होते? प्रभूशेजारच्या क्रुसावरचा चोर शेवटच्या घटकेला स्वर्गात गेला, गेला बापडा. पण त्याला जामीन कोण राहिला?

"प्रभू स्वतः," पाळकसाहेब म्हणाले होते. "इतकी वर्षं मी दुसरं काय सांगतोय?"

"आणि क्षमा फुकट?"

"फुकट."

"तिथेच तर पाणी मुरतंय, साहेब."

पाण्यावरूनच त्याला सुचलं. चोर पिऊन वर पाणी ओतत असला तर? म्हणून खूण मारल्या दिवसापासून तो सकाळ-संध्याकाळ चमचाभर चव घेत होता. चव अस्सल. तरी पातळी उतरतेच! संशय वाढत गेला, तसा चमच्याचा पेला झाला.

शनिवारी दुपारी मात्र त्याने कमरच कसली. चोराला रंगेहाथ पकडायचं म्हणून तो स्वतःच कपाटात शिरला. दार आतून ओढून घेतलं. खट्ट.

कुलूप त्याच्याच हातचं. आपोआप बसणारं. किल्ली खिशात होती, पण आतल्या बाजूला भोकच नव्हतं. पाळकसाहेबांच्या झग्यांत गुदमरत त्याने हाका मारल्या, लाथा मारल्या, मग धीर यावा म्हणून चव घेऊन पाहिली. बऱ्याचदा पाहिली.

ऊन कलताना मेहुणा चर्चची फरशी पुसायला आला; सुटल्यापासून ते काम त्याच्याकडेच होतं.

"कोण आहे आत?"

"मी! उघड लवकर!"

बाहेर बादली खाली ठेवल्याचा आवाज. मग, "भाऊजी, उघडू कसं? उघडलं तर म्हणाल, बघा, याला उघडता येतं."

"अरे, जीव चाललाय माझा!"

"ताईची शपथ घ्या, नंतर बोलणार नाही म्हणून."

"घेतली!"

ताईच्याच केसांतल्या आकड्याने ते कुलूप एका दमात उघडलं. कुलूपवाला बाहेर पडला, तो डोक्यावर झगा आणि हातात बाटली घेऊन. मेहुण्याने बाटली पाहिली, खूण पाहिली, नाक ओढलं.

"भाऊजी, वास येतोय."

"तो तपासणीचा आहे."

"रोज तपासत होतात?"

"दोनदा," कुलूपवाला बोलून गेला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. मेहुणा हसला नाही. बाटली कपाटात ठेवून त्याने दार लोटलं आणि फरशी पुसायला घेतली.

घरी बायकोने विचारलं, "कुठे होतात दुपारपासून?" हा वाकून चपला काढत बसला.

"कपाट नीट करत होते," मेहुणा ताट ओढत म्हणाला. "वाढ की, ताई."

रविवारी कुलूपवाला छत्र्यांकडे पाठ करून मेहुण्याशेजारी उभा राहिला. नेहमीसारखं सगळे मिळून म्हणत होते, पण 'पापांची क्षमा' आली तिथे त्याचा खणखणीत आवाज अडकला. 'मी याचा साक्षीदार' हे इतक्या हळू निघालं की पाळकसाहेबांनी पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा ते छत्र्यांपर्यंत ऐकू गेलं. बायकोने पदर डोळ्यांना लावला.

मग प्रभुभोजन, म्हणजे सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षारस घ्यायचा. पाळकसाहेबांनी बाटली उजेडात धरून पाहिली, कपाळाला आठी घातली आणि होतं तेवढं प्याल्यात ओतलं. प्याला दुसऱ्या टोकापासून निघाला. प्रत्येकाने जेमतेम ओठ ओले केले. शेवटून दुसरा मेहुणा होता. त्याने घोट घेतला आणि प्याला भाऊजींच्या हातात दिला.

प्याला रिकामा होता.