पट्ट्याचा झोका

तारापूरला अणुवीजघर उभं राहत होतं, तेव्हाची गोष्ट. कुंभवलीजवळ एका ठेकेदारानं खडीची मशीन टाकली होती. मशीन दगड फोडायची आणि लांबलचक रबरी पट्टा ती खडी वर ढिगावर नेऊन टाकायचा. आम्ही बायका खाली दगड भरायचो. मी रत्नाबाई, नगरकडची. माझ्या शेजारी बुधी, डोंगरातल्या पाड्यावरची. तिची मंगळी अजून रांगतही नव्हती.

सावली म्हणाल तर दोनच ठिकाणी. एक सिमेंटची शेड. आत गोण्या कशा ऐटीत झोपलेल्या! तिथं पोरं आणायची नाहीत, असा मुकादम खंडेरावाचा हुकूम. दुसरी सावली पट्ट्याखाली. तिथल्या लोखंडी अँगलला बुधी लुगड्याची झोळी बांधायची. पट्टा थरथरला की झोळी आपोआप हलायची आणि मंगळी गाढ झोपायची. ते बघून सगळ्याच जणींनी झोळ्या तिथं टांगल्या. फुकटची दाई मिळाली म्हणून आम्ही हसायचो. डोंबलाची दाई!

पट्टा थांबवायचं बटण खालीच एका पेटीत होतं. एखादीचं पोर फारच रडलं तर आम्ही ते दाबायचो, पाजून झालं की पुन्हा सुरू करायचो. तेवढंही खंडेरावाच्या डोळ्यांत खुपलं. त्यानं पेटीला कुलूप ठोकलं आणि चावी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली, ताईत घालावा तशी.

त्या दुपारी खाडीकडून वारा सुटला. मंगळीच्या झोळीचं सुटं टोक उडालं आणि पट्ट्याच्या रोलरमध्ये गेलं. बघता बघता झोळी वर खेचली जायला लागली. मी पेटीकडे धावले. कुलूप!

"खंडेराव, चावी!" मी बोंबलले.

तो शेडच्या दाराशी चहा पीत होता. "आता काय झालं?" म्हणाला. बशी काही खाली ठेवली नाही मेल्यानं.

बुधीनं कुणाला हाक मारली नाही. कमरेचा कोयता काढला आणि वरची गाठ सपकन तोडली. मंगळी झोळीसकट तिच्या हातात आली. अडकलेलं टोक पट्ट्यानं गिळलं.

मग आले ठेकेदारसाहेब. पोरीकडे बघितलंही नाही, आधी रोलर बघितला. "उद्यापासून एकही पोर इथं दिसता कामा नये."

"मग ठेवू कुठं? तुझ्या टाळक्यावर?" माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता.

बुधी तरातरा सिमेंटच्या शेडमध्ये शिरली. आम्हीही झोळ्या सोडल्या आणि पोरं काखेत मारून तिच्या मागोमाग गेलो.

"अगं ए, सिमेंटावर मुततील ती!" खंडेराव धावत आला.

"मुतू दे," बुधी म्हणाली. "गोणीला सावली हाय, माझे पोरीला नाय?"

तिनं उरलेल्या लुगड्याची झोळी वाशाला बांधली, झोका द्यायला तिला एक दोरी लावली. पण तिथं काही थरथरत नव्हतं. मंगळीनं भोकाड पसरलं, तिच्यामागून बाकीच्यांनी. बुधीनं झोळीची दोरी उचलली आणि खंडेरावाच्या हातात कोंबली.

"पट्टा झोका देत होता. आता तू दे. आमी जातो कामाला."

त्यानं दोन्ही हातांनी दोरी धरली. तेवढ्यात त्याच्या गळ्यातली पेटीची चावी मी हिसडा मारून काढून घेतली.