वेदिकाची सुकी मेथी

पहिल्या बाजाराला आठवीच्या मुलांनी नेलेली मेथी जवळजवळ सगळीच परत आली. प्रवासी नेणाऱ्या नवनाथची जीप माणसं भरेपर्यंत गावातून हललीच नाही, आणि सुरगाण्याला पोचेपर्यंत जुड्या पार सुकून गेल्या होत्या.

ही मेथी शाळेमागच्या तुकड्यावर पिकली होती. विहिरीला पाणी होतं, पण विजेचा भरवसा नव्हता. सोलर पंप बसला तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्या मालिनी मॅडमनी तो तुकडा वर्गासाठी मागून घेतला. काय पेरायचं आणि कुणाला विकायचं, हे मुलांनीच ठरवायचं, असा त्यांचा नियम होता. त्या स्वतः नाशिक शहरात वाढलेल्या. भाजी विकणं त्यांनाही नवंच होतं.

"आता काय करायचं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात विचारलं.

"वाळवूया," वेदिका म्हणाली. "दिवाळी झाली का सगळी द्राक्षाच्या कामाला जातात. तिथं मजुरांच्या शेडवर भाजी कुठली? आम्ही नागलीची भाकर न् मिरचीच खातो."

वेदिका हे ऐकीव बोलत नव्हती. दर वर्षी ती आईवडिलांबरोबर दिंडोरीकडे जायची. सातवीचे चार महिने तिचे तसेच बुडाले होते.

मुलांनी जुन्या कपाटाची काच आणि फळ्या घेऊन उन्हात भाजी वाळवायची पेटी केली, आतून काळा रंग दिला. पहिल्या दिवशी काचेला आतून घाम आला आणि पानं काळपट पडली. महेशने पेटीला खालीवर भोकं पाडली. वेदिकाने घरून आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणून आतल्या जाळीवरच्या मेथीवर पसरला, म्हणजे ऊन थेट पानांवर पडणार नाही. या वेळी मेथी हिरवी राहिली. मुलांनी ती पिशव्यांत भरली.

दिवाळीनंतर वेदिकाची आई, कुसाबाई, शाळेत आली.

"मॅडम, परवा आम्ही निघतो. पोरीला नेते."

"या वर्षी तिला राहू द्या ना. आजोबा आहेत की घरी."

"म्हातारा तिला संभाळंल. पण आमचं बारकं चार वर्षांचं हाय. मी बागेत गेल्यावर त्याला कोण बघंल?"

निघायच्या दिवशी मुलांनी जीपपाशी उभं राहून पिशव्या विकल्या. उरलेल्या वेदिकाने स्वतःच्या बोचक्यात घातल्या आणि भावाला मांडीवर घेऊन ती जीपमध्ये बसली.

दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. "मॅडम, सगळ्या खपल्या! बाजूच्या शेडवालेपण मागतात. अजून तीस पिशव्या पाठवा."

मालिनीबाईंना आधी आनंदच झाला. मग मागे लहान मुलाचं रडणं ऐकू आलं, वेदिका "थांब रे" म्हणाली, आणि आपण कशाचा आनंद मानतोय याची त्यांना लाज वाटली. शाळेच्या वेळात आठवीतली मुलगी शेडवर भाऊ सांभाळत मेथी विकत होती.

त्याच संध्याकाळी त्या वेदिकाच्या आजोबांकडे, बहिरूबाबांकडे गेल्या.

"भाकर मी भाजीन," म्हातारा म्हणाला. "पण बारक्यामागं पळाया मला होत नाय."

"आणि दिवसभर तो शाळेत असला तर?"

"मग काय, रातीला तर तो झोपतोच."

शाळेला लागूनच अंगणवाडी होती. तिथल्या ललिताताईंनी दुपारपर्यंत मुलाला ठेवायचं कबूल केलं. त्यानंतर तो वर्गात बसेल, असं मालिनीबाईंनी मुख्याध्यापकांना सांगितलं. "उद्या सगळेच आणतील," ते कुरकुरले, पण नाही म्हणाले नाहीत.

मालिनीबाईंनी फोन करून हे सगळं कुसाबाईला सांगितलं. "तो माझ्याबिगर रडंल," ती म्हणाली.

"रडेल. पहिले काही दिवस रडेल."

"बघते," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

मेथीच्या पिशव्या घेऊन गेलेला नवनाथ परत आला तेव्हा जीपमधून वेदिका उतरली. भाऊ तिच्या खांद्यावर झोपला होता. तो खरंच आठवडाभर रडला. नंतर शेतातल्या नळीच्या पाण्यात खेळायला लागला. एकदा पेटीवरची काच त्याने फोडली. मुलांनी दुसरी बसवली. वेदिकाचं गणित मागे पडलं होतं, ते महेश आणि मालिनीबाईंनी मिळून भरून काढलं. जाणाऱ्या जीपबरोबर दर पंधरा दिवसांनी शेडवर कुसाबाईकडे पिशव्या जात राहिल्या.

होळीला कुसाबाई परत आली. मुलगा आधी तिच्याजवळ जाईना, ललिताताईंच्या मागे लपला. तिने पदराने डोळे पुसले, त्याला ओढून जवळ घेतलं आणि मग मालिनीबाईंकडे वळली.

"मॅडम, शेडवरच्या दोघी इचारतात. पुढल्या साली त्यांच्याबी पोरी ठेवाल का? त्यांच्या घरी म्हातारंबी नाय कोणी."

"त्यांना माझ्याकडे पाठवा," मालिनीबाई म्हणाल्या. "बसून बोलू."