कडी काढेपर्यंत

शीळ ऐकू आली तसा इसिडोर जेवता जेवता उठला. उष्टा हात तसाच धरून त्याने डाव्या हाताने कडी काढली. "थांब, येतो रं," हे शब्दही सवयीने तोंडातून निघून गेले. दारात कोणी नव्हते. गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन शेजारच्या घराकडे चालला होता आणि चालता चालता शीळ घालत होता. चार सूर, तीन चढते आणि एक उतरता.

"नको उठू सांगते ना तुना," सणाच्या मैद्याच्या गोल फुग्या तळता तळता त्याची बायको रीटा म्हणाली. "सगली दुनिया शिटी मारते आता. कितींदा उठशील?"

ती शीळ शेर्विनची, त्यांच्या मुलाची. वाकोल्याच्या गावठाणातल्या या घराला बेल कधी बसवलीच नाही, कारण शेर्विन गल्लीच्या तोंडापासूनच शीळ घालत यायचा. सूर मुळात इसिडोरचे. एरवी विमानतळाच्या कॅन्टीनमध्ये भाज्या चिरायच्या आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, यात त्याचा जन्म गेला. लग्नाआधी विहिरीचे पाणी आणायला मंडळी वाजतगाजत निघाली की तो याच चार सुरांनी सुरुवात करायचा. पोराने ते उचलले. तीन वर्षांपूर्वी हायवेवर एका डंपरने त्याची बाइक उडवली. तेव्हापासून क्लॅरिनेट पेटीत पडले आणि शीळही बंद झाली.

बंदच राहिली असती तर बरे झाले असते. पण धाकटी फ्लेविया गाणी करायची. चर्चच्या कॉयरमध्ये सुरुवात, मग कॉलेजचे फेस्टिव्हल, मग मालाडच्या भाड्याच्या खोलीत मोबाइलवर काढलेले व्हिडिओ. किती दिवस तिला कोणी विचारले नाही. मग तिने एका गाण्यात भावाची शीळ घातली आणि ते गाणे असे काही चालले की जो तो तेच गुणगुणू लागला. फ्लेवियाचे पेपरात फोटो आले. इसिडोरला अभिमान वाटला, खोटे कशाला बोलायचे. पण गेलेल्या मुलाची हाक रिक्षातून, दुकानातून, शेजाऱ्याच्या मोबाइलमधून दिवसभर यायला लागली आणि दर वेळी त्याचे पाय दाराकडे वळायला लागले. आपल्याला वेड लागणार, अशी त्याला आता भीती वाटायची.

आज क्रुसाचा सण. घरासमोरच्या क्रुसाला हार चढले होते आणि संध्याकाळी प्रार्थनेनंतर फ्लेविया गल्लीत गाणार होती. ती दुपारी घरी आली तेव्हा इसिडोरने मनात घोळत असलेले एकदाचे बोलून टाकले.

"बाय, एक मागतो. ते गाणं आज हितं नको गाऊ. ही गल्ली तेवढी त्याची राहू दे."

फ्लेविया फुगी खात होती. तिचा हात थांबला. "पापा, तू ते गाणं पुरं ऐकलंस कधी?"

"शिटीपर्यंत. मग उठतो ना मी."

"म्हणजे पुढचं नाय ऐकलंस." तिने फुगी ताटलीत ठेवली. "बरं. नाय गाणार. प्रॉमिस."

संध्याकाळी प्रार्थना झाली, उकडलेले चणे वाटून झाले. इसिडोर घरात येऊन बसला आणि डास येतात म्हणून रीटाने कडी लावली. बाहेर फ्लेविया गिटार घेऊन एकामागून एक गाणी म्हणत होती. लोक टाळ्या वाजवत होते, पण त्यांना हवे होते ते वेगळेच.

"ए फ्लेव्ही, शिटीवालं गा ना यार," कोणीतरी ओरडले.

"आज नाय. दुसरं कायपन सांगा."

लोक कसले ऐकतात. एकाने शीळ घातली, मग चारजणांनी, मग आख्ख्या गल्लीने. गल्लीच्या तोंडापासून थेट दारापर्यंत ती आली आणि संपली, तसे सगळे गप्प झाले, कारण गाण्यात शिळेनंतर लगेच काही नाही, पुढच्या ओळीपर्यंत नुसती शांतता आहे. पेपरवाल्यांनी त्या शांततेचे फार कौतुक केले होते.

इसिडोर गुडघ्यांवर हात टेकून उठला. दारापर्यंत गेला. "थांब, येतो रं," असे म्हणत त्याने कडी काढली.

कडीचा आवाज झाला आणि बाहेर फ्लेवियाच्या तोंडून पुढची ओळ निघून गेली. ती तिने ठरवून गायली नाही, तिला ती आवरली नाही.

"जेवायला काय हाय आज?"

दार उघडले की शेर्विन रोज हेच विचारायचा. इसिडोर दारातच उभा राहिला. ती शांतता कशासाठी होती ते त्याला आता कळले. पोरीने गाण्यात बापासाठी जागा ठेवली होती, खुर्चीतून उठून कडी काढेपर्यंतची, आणि तो दर वेळी पुढचे न ऐकताच परत फिरत होता.

"सॉरी, पापा," फ्लेविया म्हणाली. माइकवरून ते सगळ्यांना ऐकू गेले.

"गा," तो म्हणाला. "थांबू नको."

ती गायला लागली. गल्लीभर माणसे उभी होती. इसिडोरने सगळ्यांचे चेहरे नीट पाहून घेतले. हवा होता तो चेहरा त्यांत नव्हता, आणि नसणार हे त्याने आज पहिल्यांदाच मान्य केले. त्याचे डोळे भरून आले.

रीटा कधी मागे येऊन उभी राहिली ते त्याला कळले नाही. ती बाहेर बघत होती, पण फ्लेवियाकडे नाही, गल्लीच्या तोंडाकडे.

"फुग्या हायत," ती हळूच म्हणाली.

डास आत येत होते. कडी कोणीच लावली नाही.