म्हाताऱ्या चिंचेचं पोतं

बिबीजाननं पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं, गाठीवर गाठ मारली आणि त्या पोत्यावरच ठाण मांडून बसली. समोर अंगणात बाकीच्या झाडांच्या फोडलेल्या चिंचेचा ढीग पडला होता.

"उठा भाभी, ती चिंचबी ढिगात टाका," धाकटा दीर वली म्हणाला. "चांगला माल मिसळल्याबिगर ढिगाला भाव येत न्हाय. भाईजान दर साली मिसळायचे."

"म्हणून तर त्या झाडाची किंमत कुणाला कळली न्हाय."

ओढ्याकाठची ती चिंच किती जुनी, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. बिबीजानच्या सासऱ्याच्या आज्यानंही ती म्हातारीच पाहिलेली. आता एवढ्या थोरल्या झाडाला जेमतेम पोतंभर चिंच लागे आणि सावलीत पीक म्हणून येत नसे. मुरुमचे तेली कल्याणप्पा यांना घाण्यासाठी असंच घट्ट खोड हवं होतं. वलीला विचारून त्यांनी खोडावर चुन्याची फुलीही मारून ठेवली होती. नवरा गेल्यावर बिबीजाननं दिराकडं एवढंच मागून घेतलं, की यंदा म्हातारीचा माल वेगळा विकू दे. भाव आला नाही तर खुशाल कुऱ्हाड लाव.

"एकलं पोतं बघून बाजार हसंल," वली म्हणाला.

"हसू दे. त्येंचेबी दात आंबतील."

मुरुमच्या बाजारात आधी ढिगाच्या मालाचा सौदा झाला. वलीनं खांद्यावरचा रुमाल आडत्या भीमाशंकरच्या हातावर टाकला, आत आपला हात घातला आणि पहिल्या दाबालाच मान डोलावली.

मग भीमाशंकरनं त्या वेगळ्या पोत्याची गाठ सोडली. चिमूटभर गर जिभेवर ठेवला. चव बघून थुंकायची त्याची रीत. पण त्यानं गिळलं, आणि हात पुन्हा पोत्यात घातला.

"मावशी, गूळ कालवला का काय ह्यात?"

"गूळ खायला न्हाय घरात, कालवू कुठला? बाबा, तरण्या झाडाला लेकरं लई, दूध पुरत न्हाय. ह्या म्हातारीला लेकरं थोडी. पार खालनं पाणी वढती अन् सगळं त्येंच्याच तोंडात घालती."

माणसं हसली. शेजारच्या आडतीवरचा व्यापारीही पुढं आला, चाखून तिथंच थांबला.

वलीनं पुन्हा रुमाल टाकला. भाव आत बोटं दाबून ठरायचा, तो त्या दोन हातांनाच कळायचा. बाईमाणसाचा हात तिथं जात नसे. बिबीजानला दिसत होता तो फक्त वलीचा चेहरा, आणि त्याच्या पाठीशी उभे असलेले कल्याणप्पा.

रुमाल हलला.

"न्हाय," वली म्हणाला.

बिबीजाननं कल्याणप्पांकडं पाहिलं. मुद्दाम सौदा मोडतोय हा.

रुमाल पुन्हा हलला.

"न्हाय, मालक."

"अहो वलीभाई, चिंच हाय ही, केशर न्हाय!"

"मग ऱ्हाऊ द्या. उचलतो पोतं."

तिनं पदराचं टोक दातांत धरलं. तेवढ्यात शेजारच्या व्यापाऱ्यानं आपला भाव द्यायला हात पुढं केला. तसा भीमाशंकरनं रुमालाखालचा वलीचा हात घट्ट आवळला. वलीच्या भुवया वर गेल्या. मग मिशीआडून हसू फुटलं. ढिगाच्या वेळी ते फुटलं नव्हतं.

हमाल पुढं झाला, तर भीमाशंकरनं त्याला थांबवलं. पोतं स्वतः उचलून आत आपल्या गादीमागं नेऊन ठेवलं.

"मग? उद्या माणसं धाडू का रं?" कल्याणप्पांनी विचारलं.

"अप्पा, घाण्याला दुसरं खोड बघा."

"एवढा भाव आला? किती?"

"रुमालाखालचं भाईर सांगत नसत्यात."

दिवस कलता गाडी ओढ्याशी आली. वलीनं बैल थांबवले, खाली उतरला. तोच रुमाल ओढ्यात भिजवला आणि खोडावरची फुली खसाखसा पुसू लागला.

बिबीजान गाडीत राणीसारखी बसून होती.

"वरचं टोक ऱ्हायलं बघ," ती तिथूनच ओरडली. "अन् जरा हळू पूस. साल लागंल तिची."