आबांचं नाक

प्रतिक्षानं ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या दोन बाटल्या पिशवीतून काढून ओट्यावर ठेवल्या, तसा तिचा बाप संतराम उठला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

"आबा, भर दुपारी दार काहून लावून राहिले?"

"ऊन येतंय."

घराचं दार उत्तरेला होतं. त्यातून ऊन कधी येत नव्हतं, आणि याच घरात वाढलेल्या पोरीला ते ठाऊक होतं. टॉवेल सोडून तिनं बाटल्या पुसल्या. एकीवर खडूनं १ लिहिलं होतं, दुसरीवर २.

प्रतिक्षा परभणीला अन्नतंत्र शिकली आणि दोन वर्षांपूर्वी पुण्यात बियर तयार करणाऱ्या एका लहान कारखान्यात लागली. ते कळल्यावर संतराम तिच्याशी चार महिने बोलला नव्हता. त्याची बायको द्वारकाबाई एवढंच म्हणाली होती, "शिजवायचंच काम हाय ना? शिजवू द्या तिला." आपल्या गावात, साखऱ्यात मात्र त्यानं सांगून ठेवलं होतं की पोरगी चॉकलेटच्या कंपनीत आहे. कार्तिकात द्वारकाबाई दहा दिवसांच्या तापानं गेली. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनाही त्यानं चॉकलेटच सांगितलं. पोरगी तिथंच पत्रावळी मांडत होती.

आता ती त्यानंतर पहिल्यांदा आली होती, आणि चारच्या एसटीनं परत जाणार होती.

"शनिवारी बियरची स्पर्धा हाय, आबा. मालकानं पहिल्यांदा माझ्या हातानं माल करू दिला. काळी बियर, चॉकलेटच्या चवीची. दोन घाणे केलेत, त्यातला एकच पाठवता येतो. निवड तूच कर म्हणले. चुकली, तर मी परत दुसऱ्याच्या टाक्यांचं तापमान लिहीत बसणार."

"मग मला काय कळतंय त्यातलं?"

"तुमाला न्हाई तर कोनाला? अर्ध्या गावाची हळद तुमच्या नाकावर शिजली."

या वाक्याला गप्प बसायची संतरामला तीस वर्षांची सवय होती.

तेवढ्यात दार ढकलून सुदाम आत आला. शेजारच्या वावराचा धनी, संतरामपेक्षा दहा वर्षांनी लहान. संतरामनं टॉवेल बाटल्यांवर ओढला, पण पत्र्याची दोन्ही दातेरी टोपणं बाहेर राहिली.

"संतरामभाऊ, ताडपत्री द्या जरा. हळद वाळू घालायची हाय. कवा आलीस प्रतिक्षा? चॉकलेट आणलंस का न्हाई आमाला?"

"हे काय..." प्रतिक्षा बोलायला लागली.

"खोकल्याचा काढा हाय," संतराम मध्येच म्हणाला. "पुण्याचा."

"टोपनाचा काढा?"

"आता असाच मिळतोय."

"मंग खोकला मलाबी हाय थोडा," सुदाम म्हणाला आणि एकटाच हसला. कोणी हसलं नाही, तेव्हा कोपऱ्यातली ताडपत्री खांद्यावर टाकून तो निघून गेला.

प्रतिक्षानं टॉवेलाची घडी घातली. पुन्हा उलगडून पुन्हा घातली. "काढा," ती हळूच म्हणाली. संतरामनं तिच्याकडं बघितलं नाही.

तिनं दोन स्टीलच्या पेल्यांत काठापर्यंत बियर ओतली. काळीभोर, वर तांबूस फेस. आधी हुंगायचं, मग घोट तोंडात फिरवायचा, सावकाश गिळायचा, असं तिनं समजावलं. संतरामनं जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्यानं पेला नाकाशी नेला. गार स्टीलचा वास आला. दुसऱ्या पेल्यालाही तोच. घोट घेतला तर कडू, दुसराही कडू.

पोरगी वही उघडून, पेन धरून बसली होती. काहीतरी बोलणं भाग होतं. हळदीच्या वेळी द्वारकाबाई काय म्हणायची ते त्याला आठवलं. गारठ्यात वास कुठं येतो, वाफेवर येतो. तो उठला. दोन लहान पातेल्यांत दोन्ही पेले ओतून त्यानं ती गॅसवर चढवली.

"आबा, बियर तापवत न्हाईत."

बोलेपर्यंत दोन्ही पातेली फसफसून उतू गेली. शेगडी काळी झाली, दोन्ही बर्नर विझले, फेस ओट्यावरून खाली टपकू लागला. संतराम गॅस बंद करून फडकं शोधू लागला. आपण काय करून बसलो हे त्याच्या कानांच्या पाळ्यांना आधी कळलं, त्या गरम झाल्या. पण प्रतिक्षा पातेल्यांवर वाकली होती आणि डोळे मिटून वास घेत होती.

"थांबा. पुसू नका. आबा, हे बघा, कोमट झाल्यावर सगळं वर आलं. एकमधी कोको आन भाजलेला जव येगळा कळतोय. दोनमधी जव जरा जास्तीच भाजलाय वाटतं. आमी सगळे फ्रिजमधून काढून पिऊन राहिलो, म्हून भांडत बसलो." तिनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं लहानपणी हळदीच्या कढईपाशी बघायची. "आता सांगा. कोनती?"

त्याच्या नाकाला जळका वास येत होता, तो शेगडीचा की पातेल्याचा हेही कळत नव्हतं. उजव्या हाताशी जे पातेलं होतं त्याकडं त्यानं बोट केलं.

"ही. दोन नंबर."

पेन थांबलं. "नक्की?"

"नक्की. भाजकेपना पाहिजेच. त्याच्यातच जीव असतो."

हे वाक्य कुठून आलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. प्रतिक्षा थोडा वेळ वहीकडं बघत राहिली. मग तिनं एक ओळ खोडली आणि दुसरी लिहिली.

"काय खोडलंस?"

"मी एक लिहिलं व्हतं."

"मंग बदललंस काहून?"

"तुमी म्हनलात म्हून." ती मोबाईल पुढं करत म्हणाली, "आन हे बघा. बक्षीस लागलं तर हे चिटकवायचं."

मोबाईलवर बाटलीला लावायच्या कागदाचं चित्र होतं. मोठी कढई, वाफ, वाफेपाशी वाकलेला पागोटेवाला माणूस आणि त्याचं लांब नाक. खाली मोठ्या अक्षरांत 'संतराम'.

दारूच्या बाटलीवर आपलं नाव, हे तासाभरापूर्वी दिसलं असतं तर त्यानं फोन भिरकावला असता. आता त्याला ते नावही टोचलं नाही. चित्रातल्या माणसाच्या मागं कोणीच नव्हतं, ते टोचलं.

कढईतली हळद नेमकी केव्हा उपसायची हे ज्याला कळतं तोच खरा, असं साखऱ्यात म्हणायचे. कमी शिजली तर किडते, जास्त शिजली तर रंग जातो. काडी टोचून बघणारे बघत, पण संतराम नुसता वाफेशी उभा राहायचा आणि एकदम ओरडायचा, "उपसा." हळद बराबर शिजलेली असायची. गावच्या कढयांवर त्याला बोलावणं यायचं. सोबत लाकडं सारायला द्वारकाबाई जायची.

"प्रतिक्षा, तुझी आई कढईपाशी काय करायची?"

"जाळ सांभाळायची. तुमी 'उपसा' म्हनले की पेटतं लाकूड मागं ओढायची."

"न्हाई."

"मी पाह्यलंय की, आबा."

"तू उलटं पाह्यलंस. आधी ती लाकूड ओढायची, मंग मी वरडायचो." त्यानं फडकं ओट्यावर ठेवलं. "पदर नाकाला लावून ती बसायची. तिला कळायचं. मला तवाबी कळत नव्हतं आन आताबी न्हाई. माझं नाक चारचौघांसारखं हाय. तुझ्या दोन्ही बाटल्या मला सारख्याच लागल्या. हे पातेलं हाताजवळ व्हतं, म्हून दोन म्हनलो."

खाली टपकणाऱ्या फेसाचा आवाज तेवढा येत होता.

"आईनं कवा सांगितलं न्हाई?"

"मीच कवा सांगितलं न्हाई. ती कशाला सांगल?" तो थांबला. "आमच्या दोघांत सुद्धा कवा बोलनं झालं न्हाई. ती ओढायची, मी वरडायचो. लोक मला पान द्यायचे. तिला कोनी च्या बी इचारला न्हाई."

प्रतिक्षानं वही ओढली. खोडलेल्या ओळीखाली तिनं पुन्हा १ लिहिलं आणि भोवती गोल केला. मोबाईलवरच्या चित्राचं काय करणार, हे त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. निघताना पाया पडली, पण हसली नाही. फाट्यावर एसटीत चढल्यावर मात्र खिडकीतून म्हणाली, "शेगडी घासून ठेवा, आबा. वाळल्यावर निघायचं न्हाई ते."

एसटी गेली. फाट्यावर सुदाम मोटारसायकल उभी करून बसला होता, ताडपत्री मागं बांधलेली. संतराम त्याच्यापाशी गेला.

"सुदाम, तो काढा नव्हता. पोरगी बियरच्या कारखान्यात हाय."

"टोपन बघूनच कळलं मला."

"आनखी एक हाय." सांगायला त्याला रस्त्याकडं बघावं लागलं. "हळदीचं नाक माझं नव्हतं. हिचं व्हतं."

सुदामनं ताडपत्रीची दोरी आवळली, सैल केली, परत आवळली.

"ते ठाऊक हाय."

"तुला?"

"गावाला. आधी लाकूड निघायचं, मागून तुमी वरडायचे. आमी काय आंधळे व्हतो?"

यंदा हळदीच्या हंगामात एकाही कढईवर त्याला बोलावणं आलं नव्हतं. आता हळद वाफवायचे कुकर आलेत म्हणून, असं तो स्वतःशी म्हणत होता.

"मंग इतक्या वर्षांत कोनी बोललं काहून न्हाई?"

"वहिनीनं बजावलं व्हतं. पहिल्याच साली. आमच्या धन्याला कोनी हसायचं न्हाई, हसला त्याची हळद त्यानंच बघावी." सुदामनं किक मारली. "चला, बसा. माझा दुसरा कुकर लागलाय. बघा जरा."

"मला न्हाई कळत त्यातलं."

"ते झालं की आता बोलून. च्या तर प्याल?"

संतरामनं दोरी सोडून ताडपत्री काढली. ती मांडीवर घेऊन तो मागं बसला. पारावरची माणसं दिसायला लागली, तशी त्यानं ती तोंडापर्यंत वर धरली.