पोहण्याची वर्गणी

एकोणीसशे शेहेचाळीस साली कोल्हारच्या घाटावर धुणं धुताना राहीबाईची जाऊ सगुणाबाई पाय घसरून प्रवरेत बुडाली. तेव्हापासून राहीबाईनं एकच धोशा लावला, गावातल्या बायकांना पोहायला शिकवायचं. नावाड्याची बायको हाजराबी शिकवायला तयार होती; तिच्या रोजगारापुरती वर्गणी हवी होती.

राहीबाई गावच्या आप्पासाहेबांकडे गेली.

"बायामानसांनी पवायचं? गावाची अब्रू जाईल," ते म्हणाले. "त्यापरीस तुझ्या जावेच्या नावाचा दगड बसवू घाटावर. त्याला मी देतो."

राहीबाईनं राग गिळला. "बसवू की. खाली देनाऱ्यांची बी नावं कोरू."

नावं कोरणार म्हटल्यावर गावानं हात सैल सोडला. दगडाचं भागून हाजराबीचीही सोय झाली. दगडावरचा मजकूर राहीबाईनं आपल्या मनानंच कोरून घेतला.

दगड बसला तेव्हा समारंभाला बोलावलेल्या मामलेदारांनी मजकूर मोठ्यानं वाचला, "कै. सगुणाबाईंच्या स्मरणार्थ, स्त्रियांना पोहणे शिकविण्यासाठी देणगी देणारे..." पहिलं नाव आप्पासाहेबांचं होतं.

"वा! काय पुढारलेले विचार!" मामलेदार म्हणाले. "सुरुवात तुमच्याच घरातून असेल?"

आप्पासाहेबांनी चारचौघांकडे पाहिलं. "व्हय तर. आमच्या सूनबाई उद्याच येत्याल."

सून कासोटा खोवून रडतच पाण्यात उतरली. पण महिन्याभरात तिला असा नाद लागला, की जेवायच्या वेळी आप्पासाहेबांनाच घाटावर जाऊन हाका माराव्या लागत. ती नदीच्या मध्यातून ओरडे, "तुमी व्हा म्होरं, मामंजी!"