न ओरडलेला बोकड

म्हाताऱ्या थेंबेकिलेने भाल्याचं टोक बोकडाच्या पोटाला टोचलं. बोकड ओरडला नाही. त्याने कुळातल्या पूर्वजांची नावं पुन्हा मोठ्याने घेतली, पुन्हा टोचलं. बोकडाने नुसते गुडघे मुडपले आणि तो शेळ्यांच्या वाडग्यातल्या लेंड्यांवर बसला.

बाळाला कुळात घ्यायच्या या विधीत बोकड ओरडला की पूर्वजांनी बाळाला आपलं म्हटलं. नाही ओरडला, की माणसं बाळाच्या आईकडे बघू लागतात. वुयेल्वा तान्ह्या लेकीला, लियेमाला, मांडीवर घेऊन घराच्या दारात बसली होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते. तिचा नवरा झोलानी दूर खाणीत कामाला. क्वचित घरी यायचा. लोकांना तेवढं पुरे होतं. त्याच्या आत्याने मक्याच्या बिअरचा डबा खाली ठेवून पोरीचं तोंड निरखलं.

"असलं नाक आमच्या घरात कुणाचंच नाही," ती म्हणाली.

थेंबेकिलेने, वुयेल्वाच्या सासऱ्याने, भाला बाजूला ठेवला. बोकड तसाही मरायला टेकला होता, म्हणून कापून टाकला. झोलानी आल्यावर काय ते बोलू, तोवर पोरीला कुळाचं नाव नको, असं पुरुषांनी बसल्या बसल्या ठरवूनही टाकलं.

वजडी धुणं सुनेचं काम. वुयेल्वा घरामागे टब घेऊन बसली. बोकडाचं रक्त पाण्यासारखं निघालं होतं, मांस फिक्कट होतं. हे सगळ्यांना दिसलं होतं आणि एकानेही चकार शब्द काढला नव्हता. तिने चार पोटांपैकी शेवटचं चिरलं आणि झटकन हात मागे घेतला. आत लाल-पांढऱ्या पिळाचे, केसाएवढे बारीक जंत होते. शिजलेल्या शेवयांसारखा त्यांचा लगदा झाला होता आणि तो लगदा हलत होता. काही जंत तिच्या बोटांना चिकटून वळवळत राहिले. आंबूस वाफ नाकात शिरली. तिने बोटं टबाच्या कडेला निपटली.

सासू, नोसान्दा, वाकून बघून गेली आणि परत आली.

"नाल्यात टाकून ये. कुणाला दाखवू नकोस."

"आई, जंतांचं औषध तर परवाच पाजलं होतं ना?"

नोसान्दा तशीच आत निघून गेली. ते औषध कसं पाजलं जातं, हे वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं? सोसायटीकडून मिळणारी एकच बाटली थेंबेकिले पाणी घालून वाढवायचा. एकही घर वगळलेलं त्याला खपत नसे. मग प्रत्येक शेळीला घोटभर पांढरट पाणी मिळायचं आणि त्याला सगळ्यांचा दुवा. अर्धवट औषधाने दुबळे जंत तेवढे मरतात, उरतात ते चिवट, आणि त्यांच्या पिल्लावळीला पुढे अख्खी बाटलीही बाधत नाही, असं जनावरांच्या सरकारी डॉक्टरीणबाईने याच अंगणात सांगितलं होतं. पुरुष हसले होते.

जंतांची किळस एव्हाना ओसरली होती. आता वुयेल्वाला या माणसांची शिसारी आली. तिने शाल खांद्यावर घट्ट ओढली आणि टब उचलला. घर आणि वाडगं यांच्यामधल्या अंगणात सुनेने पाऊल टाकायचं नसतं. ती सरळ त्यातूनच गेली. पुरुषांचं बोलणं थांबलं. तिने टब सासऱ्याच्या पायाशी ठेवला.

"पूर्वज रुसलेले नाहीत, बाबा," ती खाली बघत म्हणाली. "बोकडाच्या अंगात ओरडण्याइतकं रक्तच नव्हतं."

एकाने तोंडातला घास थुंकला. थेंबेकिलेने वाकून टबात बघितलं. मग तो उठला आणि वाडग्यातल्या एकेका जनावराची खालची पापणी ओढून बघू लागला. लाल एकही नव्हती. सगळ्या खडूसारख्या पांढऱ्या. शेवटच्या शेळीची पापणी बघून तो परत आला, तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"पोर आमचीच आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मग आवाज उतरवून त्याने विचारलं, "सूनबाई, तुझ्या वडिलांकडे एखादा धडधाकट बोकड मिळेल का?"

मुलाकडच्यांनी या विधीसाठी व्याह्यापुढे हात पसरल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आत्याने शालीआड तोंड लपवलं.

वुयेल्वाच्या लग्नात लोबोला, म्हणजे वधूमूल्य, म्हणून याच वाडग्यातल्या शेळ्या तिच्या वडिलांकडे गाणी म्हणत नेल्या होत्या. हल्लीच वडिलांचा फोन आला होता. जनावरांचे जबडे खालून सुजलेत, जंतांचं औषध पाजून पाजून थकलो, गुणच येत नाही, म्हणत होते.

"त्यांचे बोकडही आता ओरडत नाहीत, बाबा," ती म्हणाली.